न धुतलेला कोट

शिंपीकाम करणाऱ्यावर सगळं गाव संशय घेतं. कापड उरलं किती, गेलं कुठे, अस्तर आमच्याच कापडाचं लावलं ना, अशा नजरेने लोक माझ्या टेबलाखालच्या चिंध्यांच्या पोत्याकडे बघतात. इतकी वर्षं ती नजर सोसली की ती आपल्यालाही लागते. म्हणून आधीच बजावते, आमच्या पाळकांची ही हकिगत एका संशयी बाईच्या तोंडची आहे. मला ते पहिल्या दिवसापासून पटले नव्हते.

आमच्याकडे पाळक हा शब्द चर्चच्याही आधीचा आहे. गावाच्या वरच्या अंगाला मेंढ्या ठेवणारी घरं आहेत, त्यांतल्या कुणालाही पाळकच म्हणतात. मग चर्च आलं, आणि मंडळीची काळजी वाहणाऱ्यालाही तोच शब्द निघाला. याआधीचे जे होते त्यांना तो खपायचा नाही, त्यांना साहेब म्हणावं लागे. पाळक म्हटलं की ते ऐकूच आलं नाही असं करायचे, कारण रस्त्याच्या पलीकडून ओल्या लोकरीचा वास मारणारा कुणीतरी ओ द्यायचा. हे नवे आले त्यांनी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं, "मला पाळक म्हणा. दोन्हीकडून मी तोच आहे." मेंढ्यावाल्यांना गंमत वाटली, दुकानदारांना कमीपणा वाटला. मला वाटलं, माणूस बोलण्यात पक्का आहे, जपून राहायला हवं.

मशीन चालू असलं की हात अडकलेले असतात, डोकं मोकळं असतं. मी तो शब्द घोळवत बसले. लोक कुत्रा पाळतात, पथ्य पाळतात, दिलेला शब्द पाळतात. तान्ह्या मुलाला पाळण्यात घालतात. आणि एखाद्यावर पाळत ठेवतात, तीही त्याच घरातली. मेंढ्या पाळणारा माणूस मेंढीच्या पायातला काटा काढतो, तिला हाक मारून बोलावतो, हंगाम आला की तिला पाडून कातरतो आणि बाजाराच्या दिवशी विकतो. तेव्हा पाळक म्हणजे काय हे मेंढीला विचारलं तर ती काय सांगेल? हे सगळं मी एकदा आईला ऐकवलं. ती म्हणाली, "तू काजं कर. गिऱ्हाईक येईल."

त्यांची माहिती मला त्यांच्याचकडून कळली, एक खिसा शिवून घेताना. खिसा सारखा फाटायचा, कारण प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी ते मेंढ्यांची खुरं तासायची सुरी ठेवत. जन्म मेंढ्यावाल्याच्या घरात, लांबच्या डोंगराकडे. वडील गवत असेल तिकडे कळप घेऊन हिंडायचे, त्यामुळे शाळा कमी आणि चालणं जास्त. एका वर्षी रोग आला, कळप गेला, पाठोपाठ वडीलही गेले. आई तर आठवतच नव्हती. चर्चच्या वसतिगृहात वाढले, धर्माचं शिकले, आणि पहिली नेमणूक शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये झाली. तिथे त्यांचं मन रमलं नाही. "इतकी माणसं, कोण आलं नाही ते कळायचंच नाही," म्हणाले. मी सुई तोंडात धरून हं केलं. शहर सोडून आमच्या गावात येणाऱ्या माणसाने मागे काहीतरी करून ठेवलेलं असतं, असं माझं मत होतं.

आल्या आल्या त्यांनी चर्चमागे छप्पर घालून मेंढ्या आणल्या. त्यांचं प्रवचन छोटं असे आणि त्यात कुंपण, चिखल, सडलेली खुरं हे सगळं येई. पुढच्या बाकांवरच्या बायका नाकाला रुमाल लावत. त्यावरही कुणी काही बोललं नसतं, पण त्यांच्या दोन खोडी होत्या, त्या मला झोपू देत नव्हत्या.

पहिली खोड दाराची. चर्चला चांगलं दुहेरी दार आहे. ते त्यातली एक फळी लावून घेत आणि उघड्या फळीपाशी उभे राहत, म्हणजे एकेकाला त्यांच्यासमोरून आत जावं लागे. किराणावाला म्हणायचा, दानाच्या थाळीवर डोळा आहे. मी सरळ विचारलं, "दोन दारं असताना एक का?" तर म्हणाले, "एकेक आत आलं की कोण नाही ते दिसतं." हे सांगताना त्यांना काही वाटलंसुद्धा नाही. मी मनात म्हटलं, झाली पाळत सुरू.

दुसरी खोड हाताची. भेटल्यावर माणसं हात मिळवतात. हे पाठीवर हात ठेवायचे, कमरेच्या जरा वर, आणि बोटं हलकेच दाबायचे. म्हाताऱ्यांना, आजारातून उठलेल्यांना हमखास. आणि नंतर कधीतरी त्यातल्याच एखाद्याच्या दारात शिध्याची पिशवी ठेवलेली सापडायची, कुणी ठेवली ते कळायचं नाही. लोक म्हणायचे योगायोग. योगायोगावर माझा विश्वास नाही. एकदा त्यांचा हात माझ्याही पाठीकडे निघाला होता. मी मापाची टेप ताणून मध्ये धरली, तो हात जागीच परत गेला.

आमच्या घरावर जे कोसळलं ते पाळक आल्यानंतरच्या थंडीत.

माझा दादा दुधाचा टँकर चालवायचा. घाटातल्या वळणावर टँकर उलटला. एवढंच लिहिते, याहून जास्त लिहिता येत नाही. पुढची खोली माझं दुकान, मधे स्वयंपाकघर, आणि मागची खोली त्याची, तिचं दार गल्लीत उघडतं. त्या खोलीत खुंटीला त्याचा कोट लटकत राहिला. त्या कोटाला आतला खिसा मीच लावून दिला होता. काळा दोरा संपला म्हणून हिरव्याने शिवला, तर लग्नात कुणाला तो दाखवता येणार नाही म्हणून दादा मला किती दिवस चिडवत होता.

आई रडली नाही. तिने स्वयंपाक चालू ठेवला. रोज त्याचं ताट वाढायची, वर झाकण घालायची, आणि सकाळी ते गल्लीतल्या कुत्र्यांना घालायची. स्वतः दोन घास खाऊन उठायची. समोर मी बसलेली असे, माझं मी वाढून घेत असे. तिचे कपडे मी बाजूंनी आत घेत गेले, शेवटी शिवणीत घ्यायला जागाच उरली नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुढची थंडी काढणार नाहीत. मी विनवलं, रागावले, ताट फेकून देईन म्हटलं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा बोलले नाही.

आणि मग पाळक वरचेवर येऊ लागले. स्वयंपाकघरात बसत, मधलं दार लोटून घेत. मी मशीन थांबवून कान देई.

"घेते का जवळ?" आईचा आवाज.

"नाही हो मावशी. डोकं मारून पाडते त्याला."

"बांधून बघितलंत?"

"बांधली. पाय झाडते."

मरणाच्या दुःखात असलेल्या बाईशी कुणी मेंढ्यांबद्दल बोलत बसतं का? माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यातच किराणावाल्याने कानात घातलं की अशाच एका म्हातारीने कुठेतरी आपलं राहतं घर चर्चला दिलं, तिच्याही घरी असंच कुणी येऊन बसायचं. गावाचं नाव विचारलं तर त्याला सांगता आलं नाही, पण तोवर माझ्या मनात ते पक्कं बसलं होतं. एक दिवस आई सहज म्हणाली, "मागची खोली पडूनच आहे नाही?" मला वाटलं, आलं उत्तर. कुठेतरी पाणी मुरतंय ते या खोलीपाशी मुरतंय.

दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी होती.

"आई, दादाचा कोट कुठे आहे?"

"पाळकांना दिला."

"कशाला?"

"मागितला त्यांनी."

"निदान धुवून तरी द्यायचास."

ती भांडं घासत होती, वर न बघता म्हणाली, "ते म्हणाले, धुवू नका."

मी खुर्चीत बसले. कोट गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून वेगळी एक गोष्ट होती, ती आईलाही माहीत नव्हती. दुकान बंद केल्यावर मी त्या खोलीत जाऊन कोटाच्या कॉलरमध्ये नाक खुपसून उभी राहत असे. डिझेल, दूध आणि दादा. माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं, आणि ते एका मेंढ्यावाल्या उपदेशकाने उचलून नेलं होतं, वर धुवू नका म्हणून सांगून. कसली ही मागणी? कुणाला न धुतलेला कोट लागतो?

आठवडाभरात उत्तर दारात येऊन उभं राहिलं. पाळकांबरोबर एक तरुण होता, वीज कंपनीचा नवा लाइनमन. बदली होऊन आलेला, ऑफिसच्या सामानाच्या खोलीत तारांच्या वेटोळ्यांमध्ये झोपायचा. मागेपुढे कुणी नाही, अनाथाश्रमात वाढलेला, असं पाळक म्हणाले. मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. त्याच्या अंगावर कोट होता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. त्याने टेस्टर काढायला आतल्या खिशात हात घातला आणि मला हिरवा दोरा दिसला.

"मावशी, याला खोली हवी होती," पाळक म्हणाले. "भाडं वेळेवर देईल."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली, त्याच्या अगदी जवळ येऊन थांबली. तिची मान किंचित पुढे झाली, इतकी किंचित की दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मग म्हणाली, "हात धुवून घे. ताट वाढलेलं आहे."

तो जेवला. ताट कुणीतरी ओढून घेईल अशा घाईने जेवला, आणि कुणासाठी वाढलं होतं ते विचारलं नाही. आई समोर बसली आणि बोलता बोलता तीही पूर्ण जेवली. कितीतरी महिन्यांनी तिचं ताट रिकामं झालेलं मी पाहिलं. आनंद व्हायला हवा होता. मी आतून उकळत होते.

तो राहू लागला. आई त्याला हाक मारून उठवायची, वाऱ्यात खांबावर चढू नकोस म्हणायची. मी त्याच्याशी कामापुरतं बोलत असे. कोटाबद्दल त्यालाच विचारलं तर म्हणाला, "पाळकांनी दिला. म्हणाले, पहाटे गारठा असतो, आणि त्या घरी जाताना हाच घालून जा." म्हणजे सगळं ठरवून. मी मशीनवरचं कापड तसंच टाकलं, दुकानाला कडी घातली आणि चर्चच्या मागे गेले.

पाळक छपराखाली गुडघ्यांवर बसले होते, बाह्या वर केलेल्या, हात माखलेले. पुढे एक मेंढी, आणि तिच्याखाली एक कोकरू शेपूट हलवत दूध पीत होतं. ते कोकरू विचित्र दिसत होतं. जरा वेळाने ध्यानात आलं की त्याच्या अंगावर दुसऱ्या कोकराचं कातडं आहे. पायांसाठी चार भोकं, गळ्याशी सुतळीची गाठ. अंगरखा घातल्यासारखं.

"हिचं मेलं," ते माझ्याकडे न बघता सांगू लागले. "याची आई मेली. ही परक्याला जवळ करत नव्हती. मग मेलेल्याचं कातडं काढून याला चढवलं. वास ओळखीचा आला की ती पाजते. दोन-चार दिवसांत याचा वास त्यात मिसळतो, मग कातडं काढून टाकायचं, ती याला..."

तेवढ्यात त्यांनी वर माझ्या तोंडाकडे बघितलं.

"माझी आई मेंढी नाही," मी म्हटलं.

"नाही."

"तिला फसवलंत तुम्ही."

"हो."

मी भांडायची सगळी तयारी करून आले होते आणि हा माणूस नुसता हो म्हणत होता. "का?" मी विचारलं. 

त्यांनी गवताने हात पुसले. "प्रार्थना करून झाली होती," ते म्हणाले. "मला येत होतं ते एवढंच उरलं होतं."

"मी तिला आता जाऊन सांगणार आहे."

"सांगा. पण मला बरोबर येऊ द्या. तिला जे बोलायचं ते मला बोलू दे."

आम्ही दोघं बाजाराच्या रस्त्याने निघालो, मी पुढे, ते मागे. किराणावाला वजन करायचं थांबवून बघत राहिला. सगळ्या वाटेत माझ्या मनात एकच होतं. सांगितलं तर आई पुन्हा त्या दोन घासांवर येईल, आणि मग पुढची थंडी. नाही सांगितलं तर आयुष्यभर मी त्या फसवणुकीत सामील. दारापर्यंत मला दोन्हीपैकी एकही जमेना.

आई भाजी चिरत होती. पाळकांनीच तोंड उघडलं, "मावशी, तो कोट..."

"दादाचा वास त्या लाइनमनच्या अंगाला यावा म्हणून यांनी तो मागितला," मी मध्येच बोलले. "मेंढीला फसवतात तसं तुला फसवलं, आई."

सुरी चालूच राहिली. मग आईने ती खाली ठेवली. "मी कुणाच्या घरात जन्मले?" तिने मला विचारलं.

 वरच्या अंगाच्या घरातली ती, लग्न होऊन खाली आलेली, हे काय मला माहीत नव्हतं? त्या घरात माझं कधी जाणं नव्हतं, म्हणून ते माझ्या हिशेबातच नव्हतं.

"न धुता द्या म्हणाले तेव्हाच कळलं," आई म्हणाली. "हे पाळण्यात असतील तेव्हापासून मी कातडी काढलीत." मग पाळकांकडे वळून म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, मेंढीला कळत नाही?"

"वडील तसंच म्हणायचे."

"माझेही म्हणायचे. पुरुषमाणसं. कोकरू पीतंय दिसलं की निघाले. मी बसून पाहिलंय. ती वास घेते, थांबते, एकदा कोकराकडे बघते, एकदा आपल्याकडे. तिला सगळं कळतं. पण दूध आलेलं असतं. त्याचं तिने काय करायचं?"

 मला वाटलं होतं की आता मला हलकं वाटेल. त्याऐवजी इतक्या महिन्यांत जे बोलले नव्हते तेच तोंडातून निघालं. "आणि मी? मी रोज तुझ्यासमोर बसले होते ना, आई. मी जिवंत होते."

आईने हात पदराला पुसले. टेबलाला वळसा घालून माझ्यामागे आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, कमरेच्या जरा वर. बोटं दाबली. अगदी पाळक दाबायचे तशी. तेव्हा कुठे मला कळलं की ते काय बघत असत. लोकरीवरून मेंढीचं अंग दिसत नाही, म्हणून हाताने बघतात.

"हाडं लागताहेत," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "केव्हापासून?" मग तीच पाळकांवर घसरली, "दार अर्धं लावून एकेकाला बघता, आणि ही सुटली तुमच्या हातून?"

"अंग चोरते ती, मावशी."

"माझ्याही हातून सुटली," आई म्हणाली, आणि मला खांद्याला धरून खाली बसवलं. ताट तिने वाढलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"मी येतो," म्हणत पाळक दाराकडे वळले.

"थांबा. वळा इकडे." आई त्यांच्यापाशी गेली. त्यांच्या पाठीवर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. "आणि ही हाडं कोण बघतं?" तिने विचारलं.

 एवढा मोठा माणूस, खाली मान घालून उभा राहिला. मी त्यांची पँट दोनदा कमरेत आत घेऊन दिली होती आणि वर सुतळी बांधलेली पाहून मनात म्हटलं होतं, हे साधेपणाचं सोंग आहे. आईच्या शिवणी मला वाचता आल्या, यांच्या नाही आल्या. त्या पिशव्या कुणाच्या ताटातून निघून लोकांच्या दारात जात होत्या, तेही आता दिसलं.

"बसा," आई म्हणाली.

ते बसले. आम्ही जेवत असतानाच लाइनमन दुपारच्या सुट्टीत आला. जेवायला बसायच्या आधी त्याने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. आईने तो उचलला आणि पाळकांना विचारलं, "आता हरकत नाही ना?"

"नाही, मावशी."

तिने कोट माझ्या हातात दिला. "धू. आणि बाह्या आखूड कर, पोराचे हात तारेत असतात."

मी तो मागच्या नळापाशी नेला. बादली भरली. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून कॉलरमध्ये नाक घातलं. रबर होतं, तारेचा गंज होता, अनोळखी घाम होता. त्याखाली दादा होता की मीच तो शोधून काढत होते, मला खात्री देता येणार नाही. आत आई कुणालातरी आणखी घे म्हणत होती. मी कोट पाण्यात घातला.